लांबच्या गाडीचा नंबर टिपायचाय? मेगापिक्सेलआधी लेन्स बघा

घरासमोर कुणाला धडक देऊन गाडी पळाली, तर फुटेजमध्ये नुसती गाडी दिसून भागत नाही. दारव्ह्यात बहुतेक गाड्यांवर ‘एमएच २९’ म्हणजे यवतमाळचाच कोड असतो. गाडी शोधायची तर पुढची अक्षरं आणि आकडे वाचता यायलाच हवेत.

लेन्स किती एमएम?
घरगुती कॅमेऱ्यात बहुधा २.८ एमएम लेन्स असते. २० मीटरवर ती साधारण ४० मीटर रुंद दृश्य पकडते. ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल; त्यात कारच्या अर्ध्या मीटरच्या प्लेटला जेमतेम ३२ पिक्सेल मिळतात. तोच कॅमेरा १२ एमएम लेन्सचा घेतला, तर दृश्य ९ मीटरचं आणि प्लेटला सुमारे १४० पिक्सेल! बाइकची प्लेट छोटी, म्हणून तिथे आणखी जवळचं दृश्य लागतं. रेकॉर्डिंग नंतर झूम केलं तरी नवीन तपशील येत नाही.

रात्रीचं काय?
हेडलाइटमुळे आणि चमकणाऱ्या प्लेटमुळे नंबर पांढरा पडतो. शटर हाताने १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवता येतं का आणि इन्फ्रारेड लाइट तेवढ्या अंतरापर्यंत पोचतो का, हे दुकानातच विचारा. चित्र काळोखं दिसेल, पण नंबर वाचता येईल.

मग घ्यायचं काय?
२.८ ते १२ एमएम व्हेरिफोकल कॅमेरा घ्या आणि तो फक्त गेटसमोरच्या रस्त्यावर रोखा. शेजाऱ्यांच्या दारा-खिडक्यांवर नको. अंगणासाठी दुसरा साधा कॅमेरा पुरे. बसवल्यावर रात्री स्वतःची बाइक समोरून न्या आणि नंबर वाचून बघा.