दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या मेजावर कसा आला?

#थ्रेड #इतिहास

१/
युनिक्सचा सर्व्हर एका शहरात, आपण दुसऱ्या शहरात. तरीही त्याचा संपूर्ण डेस्कटॉप, खिडक्या आणि कर्सर यांसह, आपल्या लॅपटॉपवर उमटतो. ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे की तिलाही इतिहास आहे, याचे विस्मरण होते. या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. आपण अर्धवट ठेवलेले काम नेमके राहते कुठे? दूरच्या यंत्रात, की आपल्या समोरच्या पडद्यात? जोडणी तुटली तर काम तरेल की बुडेल, हे त्या उत्तरावर अवलंबून होते.

२/
प्रारंभ एमआयटीपासून करू. १९८३ साली तेथे ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. विद्यार्थ्यांच्या शिक्षणात संगणक सर्वत्र आणायचा, हा त्याचा हेतू. यंत्रे मुख्यतः दोन कंपन्यांकडून आली: डेक आणि आयबीएम. दोघांची यंत्रे भिन्न, पडदेही भिन्न. एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या पडद्यावर चित्र काढू शकेल, अशी सामाईक व्यवस्था कोणापाशीच नव्हती.

३/
त्याच संस्थेत रॉबर्ट शायफ्लर हा संशोधक ‘आर्गस’ नावाच्या वितरित प्रणालीवर काम करीत होता. अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामांतले दोष शोधायचे, तर सगळ्यांकडे एकाच पडद्यावरून पाहता आले पाहिजे. अथेनातील जिम गेटिस याचीही गरज तशीच होती. दोघे एकत्र आले.

४/
त्यांच्या हाती स्टॅनफर्डहून आलेली एक खिडकी-प्रणाली होती. ती ‘व्ही’ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेली, म्हणून तिचे नाव ‘डब्ल्यू’. पॉल असेंटे आणि ब्रायन रीड हे तिचे कर्ते. युनिक्सवर आणल्यावर ती फार मंद चाले, कारण प्रत्येक आज्ञेनंतर ती उत्तराची वाट पाहत थांबे. शायफ्लरने ही वाट पाहणेच काढून टाकले: आज्ञा एकामागून एक पाठवत राहायच्या, उत्तर हवेच असेल तेवढ्यापुरते थांबायचे. १९ जून १९८४ रोजी त्याने सहकाऱ्यांना ईमेलने ही वार्ता कळवली. डब्ल्यूनंतरचे अक्षर एक्स, म्हणून नवीन प्रणालीचे नाव ‘एक्स’. नामकरणात यापेक्षा अधिक गूढ काही नाही.

५/
आता ती गोष्ट, जिच्यापाशी आजही नवशिके अडखळतात. एक्सच्या परिभाषेत ‘सर्व्हर’ म्हणजे दूरचे बलाढ्य यंत्र नव्हे. आपल्या समोरचा पडदा, कळफलक आणि माऊस ज्याच्या ताब्यात आहेत, तो प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. दूरच्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम हा त्याचा ‘क्लायंट’. प्रथमदर्शनी हे उलटे भासते. परंतु तर्क स्वच्छ आहे. पडदा ही वस्तू एकच, ती मागणारे प्रोग्राम अनेक. जो वस्तू पुरवतो तो सर्व्हर.

६/
क्लायंट चित्र पाठवत नसे. तो वर्णन पाठवी. येथून तेथवर रेघ ओढ, या जागी हे अक्षर लिही, ही खिडकी वर आण. चितारण्याचे काम समोरच्या यंत्राचे. तत्कालीन जाळ्यांच्या मानाने ही मोठी काटकसर होती. १५ सप्टेंबर १९८७ रोजी या प्रणालीची अकरावी आवृत्ती, एक्स११, बाहेर पडली आणि तिचा मूळ प्रोटोकॉल पुढे अनेक दशके टिकला. एमआयटीने ती जवळजवळ निर्बंधमुक्त परवान्यावर दिली होती. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या युनिक्स कंपन्यांनी तिचा स्वीकार केला, याचे कारण माझ्या मते तिच्या गुणांइतकेच या परवान्यातही आहे.

७/
परंतु या रचनेत एक वर्मस्थान होते. प्रोग्राम दूरच्या यंत्रावर, त्याच्या खिडक्या मात्र समोरच्या सर्व्हरच्या स्मृतीत. मधला दुवा तुटला की खिडक्या गेल्या, आणि खिडक्या गेल्या की बहुतेक प्रोग्रामही प्राण सोडीत. रात्रभर चाललेली आकडेमोड सकाळी तारेच्या एका हिसक्याने नाहीशी होऊ शके. शिवाय इथला डेस्कटॉप उचलून दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर न्यावा, अशी सोय नव्हतीच.

८/
दुसरे वर्मस्थान सुरक्षेचे. ‘एक्सहोस्ट प्लस’ ही आज्ञा दिली की पडदा जाळ्यावरील सर्वांना खुला होई. मग कोणीही परका तेथे खिडकी उघडू शके; इतकेच नव्हे, तर आपण दाबलेली प्रत्येक कळ त्याला वाचता येई, पासवर्डही. सोयीसाठी ही आज्ञा सर्रास दिली जात असे. पुढे फिनलंडमध्ये टाटू इलोनेन याच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, आणि त्यावर उपाय म्हणून त्याने १९९५ साली ‘एसएसएच’ लिहिले. त्याच्या कूटबद्ध वाहिनीतून एक्सच्या खिडक्याही सुरक्षितपणे आणता येऊ लागल्या.

९/
आता रंगमंच बदलतो. इंग्लंडमधील केंब्रिज, ऑलिव्हेटीची संशोधन प्रयोगशाळा, प्रमुख अँडी हॉपर. तेथील लोक अंगावर एक बिल्ला लावून वावरत: ‘ॲक्टिव्ह बॅज’. हा बिल्ला सुमारे दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे आणि भिंतींवरील संवेदक ती टिपत. त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे हे संगणकाला ठाऊक असे. (ही पाळतच नव्हे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.)

१०/
या बिल्ल्यातून १९९४ च्या सुमारास एक विलक्षण प्रयोग निघाला: ‘टेलिपोर्टिंग’. प्रोग्राम आणि खरा पडदा यांच्यामध्ये त्यांनी एक मध्यस्थ एक्स सर्व्हर बसवला. प्रोग्रामांचे सारे नाते त्या मध्यस्थाशी. खरा पडदा आला काय, गेला काय, त्यांना पत्ताही लागत नसे. आपण दुसऱ्या खोलीत जावे, बिल्ल्याचे बटण दाबावे आणि आपल्या खिडक्या तेथील पडद्यावर अवतराव्यात. सातव्या मुद्द्यातील दुखण्यावर हा पहिला खरा इलाज होता. काम आता पडद्याच्या ताब्यात उरले नव्हते.

११/
एक पाऊल मात्र बाकी होते. टेलिपोर्टिंगला समोर एक्सचा पूर्ण सर्व्हर लागे, आणि जगात बहुतेकांपुढे विंडोज होते. त्याच प्रयोगशाळेत ‘व्हिडिओटाइल’ नावाची एक पाटी तयार झाली होती: पडदा, लेखणी आणि जाळ्याची जोडणी, एवढेच. तिला रेघ किंवा अक्षर म्हणजे काय हे कळत नव्हते. फक्त पिक्सेल कळत. त्या पाटीच्या अनुभवातून जो प्रोटोकॉल आकारास आला त्याचे सार एका वाक्यात मावते: या जागी पिक्सेलांचा हा आयत ठेव.

१२/
हेच ‘व्हीएनसी’. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांचा त्यावरील लेख १९९८ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. युनिक्सवरील त्यांचा प्रोग्राम ‘एक्सव्हीएनसी’ दुहेरी वेशातला होता. प्रोग्रामांना तो एक्स सर्व्हर वाटे. दूरच्या प्रेक्षकाला तो चित्रे पाठवणारा भासे. प्रत्यक्षात कोणत्याही मॉनिटरवर नसलेला डेस्कटॉप सर्व्हरच्या स्मृतीत जिवंत राही. प्रेक्षक निघून गेला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाहून जोडले, तर कर्सरसुद्धा ठेवला होता तिथेच.

१३/
आणखी एक चातुर्य: सर्व्हर आपणहून चित्रे लोटत नाही, प्रेक्षकाने मागितल्यावरच बदललेला भाग देतो. जाळे मंद असेल तर मागण्याच कमी येतात, मधल्या स्थिती गाळल्या जातात. पाहणारा प्रोग्राम इतका लहान की फ्लॉपीवर मावे.

१४/
अवांतर: हाच स्टॅफर्ड-फ्रेझर १९९१ साली केंब्रिज विद्यापीठात असताना ट्रोजन रूमबाहेरच्या कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याच्या उद्योगात होता. भांड्याचे छोटेसे करडे चित्र सहकाऱ्यांच्या पडद्यावर दाखवणारा ‘एक्सकॉफी’ त्याने लिहिला, तोही एक्सवरच. उगाच जिने चढून रिकामे भांडे पाहावे लागू नये, एवढीच त्यामागची तळमळ! १९९३ साली ते चित्र वेबवर गेले आणि जगप्रसिद्ध झाले.

१५/
१९९९ साली प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि २००२ साली तिला टाळे लागले. एरवी अशा वेळी संशोधन कपाटात जाते. परंतु व्हीएनसीची मूळ संहिता जीपीएल परवान्यावर आधीच जगाला दिलेली होती. ती परत घेणे कोणालाच शक्य नव्हते. मूळ मंडळींपैकी काहींनी ‘रिअलव्हीएनसी’ काढली, कॉन्स्टंटिन काप्लिन्स्कीने ‘टाइटव्हीएनसी’ वाढवले, आणि पुढे त्या घराण्यातून ‘टायगरव्हीएनसी’ निघाले. २०११ साली हा प्रोटोकॉल आरएफसी ६१४३ म्हणून नोंदला गेला.

१६/
त्याच्या उणिवाही त्या नोंदीत शिल्लक आहेत. मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि पुढचा सगळा मजकूर उघडाच वाहतो. म्हणून जाणते लोक व्हीएनसीचे ५९०१ क्रमांकाचे दार थेट जगाला उघडत नाहीत. इलोनेनच्या एसएसएचमधून बोगदा काढतात. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या, २००८ साली सुरू झालेल्या ‘वेलँड’मध्ये तर जाळ्यावरून रेघ ओढण्याची आज्ञाच नाही. तेथेही दूरचा डेस्कटॉप पाहायचा, तर तो पिक्सेलांच्या वाटेनेच येतो.