दूरपल्ल्याची रायफल : कार्यशाळेतील इतिहास

अमेरिकेतील शेतांत पिकांची नासाडी करणारा वूडचक चाहूल लागताच बिळात नाहीसा होतो. त्यास दुरूनच टिपावे लागते. लक्ष्य लहान आणि अंतर मोठे असता गोळी चुकली, तर दोष नेमबाजाचा, नळीचा की गोळीचा?

हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधील मिल्फर्डचे डॉ. फ्रँकलिन मॅन यांना द्यावे लागेल. (हे गृहस्थ वैद्यकाचे पदवीधर, धंदा मात्र कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कातरणाऱ्या यंत्रांचा!) त्यांनी नळी काँक्रीटच्या चौथऱ्यावर टेकवली, त्यायोगे नेमबाजाचा हात हिशेबातून वगळला गेला. गोळीच्या मार्गात कागदी पडदे उभारून त्यांनी एकेक छिद्र तपासले. गोळ्या मुद्दाम विद्रूप करूनही झाडल्या. टोकाच्या इजेने फारसे बिघडत नाही. बुडाची इजा मात्र गोळीस भरकटविते, कारण नळीच्या मुखातून बूड शेवटी सुटते आणि वायूचा दाब त्यावर विषम पडतो. हे विवेचन १९०९ च्या त्यांच्या ग्रंथात आहे.

पुढे खासगी कारागिरांनी काडतुसाकडे लक्ष वळविले. १९३७ मध्ये जे. ई. गेबी व जे. बुशनेल स्मिथ यांनी सॅव्हेजच्या ०.२५० इंची काडतुसाचा गळा आवळून त्यात ०.२२ इंची गोळी बसविली. वेग वाढला, मार्ग सपाट झाला. ‘व्हार्मिंटर’ हे नाव गेबींनी स्वतःकडे राखल्यामुळे इतर कारागीर त्यास ‘२२-२५०’ म्हणत. याच नावाने रेमिंग्टन कंपनीने ते १९६५ मध्ये स्वीकारले. केवळ कारखान्यांच्या सूचिपत्रांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या हिशेबातून मधली अठ्ठावीस वर्षे निसटतात.