एकच धोटा, दोन देश

दोन देशांची तुलना करायची म्हटली की आपले विद्वान लोक सरासरी काढतात. इंग्लंडचा माणूस सरासरी इतकं कमावतो, भारतातला इतकं. तिथला इतकी वर्षं जगतो, इथला इतकी. झाला लेख. मी गिरणीत काम करतो, मला सरासरीचा हिशेब पगाराच्या दिवशी कळतो. मॅनेजरचा पगार आणि माझा पगार एकत्र करून दोनाने भागला तर मी चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस निघतो. घरी मात्र पीठ संपलेलं असतं.

ही सरासरी सगळ्यात गाजली ती १९३१ साली. दुसऱ्या गोलमेज परिषदेला गांधी लंडनला गेले होते. सप्टेंबरच्या शेवटी ते लँकेशायरात डार्वेनला गेले. स्वदेशीच्या चळवळीनं लँकेशायरचा माल खपेना, गिरण्या बंद, माणसं घरी. तरी तिथल्या गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती गोळा झाल्या, हसल्या, टाळ्या वाजवल्या. तो फोटो अजून छापतात. गांधींनी त्यांना हिशेब सांगितला : तुमचे तीस लाख बेकार, आमचे तीस कोटी लोक वर्षातले सहा महिने बेकार. तुमचा बेकारभत्ता सरासरी ७० शिलिंग, आमचं सरासरी उत्पन्न महिन्याला साडेसात शिलिंग.

हिशेब खोटा नव्हता. पण दोस्तांनो, त्या साडेसात शिलिंगात कोण कोण बसलं होतं? मालगुजारही बसला होता आणि त्याच्या वावरात राबणारा महारही. त्याच वेळी त्याच लंडनात बाबासाहेब त्याच परिषदेत सांगत होते, की हा देश एक नाही, यातल्या अस्पृश्यांचा हिशेब वेगळा मांडा. गांधी ते मानायला तयार नव्हते. पुढं काय झालं, पुणे करार कसा झाला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. ते सांगत बसत नाही. मला कापसाचं बोलायचं आहे, कारण इंग्लंड आणि वर्धा हे दोन मुलूख कापसानं एकमेकांना बांधले.

आधी इंग्लंडचं खरं रूप पाहा, कारण आपल्यातले काही जण विलायत म्हणजे स्वर्ग समजतात. १८४२ साली चॅडविक नावाच्या सरकारी माणसानं अहवाल छापला. त्यात मँचेस्टरच्या मजुरांच्या घरचं मरणाचं सरासरी वय होतं १७. सतरा! पोरं पाळण्यातच मरत होती म्हणून आकडा इतका खाली. त्याच गावातल्या प्रतिष्ठितांच्या घरी तोच आकडा ३८. माणसं तळघरात राहत, एका नळावर अख्खी गल्ली, घाण अंगणात. एंगल्सनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि १८४५ साली पुस्तक काढलं. त्याआधी १८१९ मध्ये मँचेस्टरच्याच पीटरलू मैदानावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातलं होतं. तर साहेबाच्या देशातला कामगार असा होता. त्याला कुणी काही वाढून दिलं नाही.

त्याच्या मागावरचा कापूस कुठला? पाऊण हिश्शाहून जास्त अमेरिकेचा, म्हणजे काळ्या गुलामांनी वेचलेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस थांबला. १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरात जवळजवळ पाच लाख माणसं मदतीच्या भाकरीवर होती.

आता मालकांची नजर आपल्याकडे वळली. वर्धा जिल्हा निघाला तोच १८६२ साली. आधी कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला, मग १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखलं. १८६७ ला रेल्वे पुलगाव-वर्ध्यावरून नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासूनच व्यापाऱ्यांत नावाजलेला होता. त्याच्या नावानं कापसाची जातच ओळखली जायची. (जातीशिवाय आपल्याकडे कापूससुद्धा सुटला नाही.) सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक. या गृहस्थानं वऱ्हाडाबद्दल लिहून ठेवलं आहे, की रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथले विणकर माग सोडून शेतात येतील आणि कापूस जास्त पिकेल. लपवाछपवी नाही.

हे विणकर कोण होते? इथं आपल्या पोरांनी जरा थांबावं. आपल्याला शाळेत सांगतात की महार म्हणजे येसकर, मेलेलं ढोर ओढणारा, निरोप्या. विदर्भातली गोष्ट थोडी निराळी आहे. कोष्टी बारीक, जरीकाठी विणायचा, आणि जाडंभरडं कापड, कुणब्याच्या अंगावरचं, महार विणायचा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही महारांचा हा धंदा नोंदलेला आहे. म्हणजे ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या हातचं सूत आणि कापड गावाच्या उघड्या अंगाला चालत होतं. माझी आजी सांगायची, तिच्या माहेरी घरात खड्डामाग होता, म्हातारे त्यात पाय सोडून बसायचे. तो खड्डा पुढं बुजवला, त्यावर चूल आली.

लँकेशायरचा हातमागवालाही असाच मेला, हे खरं. पण त्याला गिरणीच्या मागावर जाता आलं. आमच्या विणकराला काय मिळालं ते पुढं सांगतो.

आधी त्या उपाशी लँकेशायरची एक गोष्ट. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा झाली. दक्षिणेच्या बाजूनं इंग्लंड लढाईत उतरलं असतं तर कापूस आला असता, चूल पेटली असती. तरी या लोकांनी लिंकनला पत्र लिहिलं, की गुलामी मोडा, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. सगळं लँकेशायर असं होतं असं नाही. दक्षिणेची कड घेणारेही होते, मालकांत तर होतेच, कामगारांतही होते. पण ती सभा झाली. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननं उत्तर लिहिलं, आणि फेब्रुवारीत जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाचं जहाज पीठ घेऊन लिव्हरपूलला लागलं. दहा वर्षांनी, १८७३ ला, आपल्या जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. कापसाचे धागे कुठून कुठं जातात बघा.

आता मुंबई. साल १९२८, सहा महिने चाललेला गिरणी संप. लाल बावटा, जगातल्या कामगारांनो एक व्हा. आणि विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडी घालून सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एका साच्यावर दोन माणसांचं तोंड त्याच धोट्याला. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्याच्या तोंडाला कसा लावायचा? म्हणून आपली माणसं सूत खात्यात, आणि जास्त पगाराचं विणकाम खातं त्यांना बंद. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना धरलं, की हा मज्जाव काढण्याची मागणी संपात घ्या. पुढारी नाखूष होते. मालकांनी हात झटकले, ही बंदी आमची नव्हे म्हणाले. इथं मालकाचं खरंच होतं. ही बंदी कामगारानं कामगारावर घातलेली होती.

हाच धोटा लँकेशायरातही होता. तिथंही सूत तोंडानंच ओढत, त्याला धोट्याचा मुका घेणं म्हणत. तिथंही त्याच्यावर तक्रारी झाल्या. डॉक्टर म्हणाले रोग पसरतो, बायांचे दात किडतात, फुफ्फुसात रुई आणि तेल जातं. मग हातानं ओवायचे धोटे निघाले, आणि १९५२ ला नियम करून तोंडाचे धोटे हटवायला घेतले. लाकडाचा तोच तुकडा. तिथं त्याच्यामुळं आरोग्याचा प्रश्न उभा राहिला, इथं विटाळाचा. दोन देशांतला फरक मला याच्याहून सोपा करून सांगता येत नाही. सरासरीत हा बसत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली, जातिव्यवस्था कामगारांचीच वाटणी करते असं मांडलं, ते असं मागापर्यंत पोचलेलं आहे.

आपल्या जिल्ह्याचंही एक आठवण करून देतो. त्याच १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना उघडलं. धाडसाचं काम होतं, त्यांना त्यांच्याच लोकांचा रोष घ्यावा लागला, हे नाकारू नये. पण त्याच वर्षी महाराला माग उघडला नाही. देवळात जाऊन माणूस दर्शन घेतो, मागावर जाऊन पोट भरतो. मला विचारलं असतं तर मी आधी काय मागितलं असतं हे सांगायला नको. पुढं गांधी वर्ध्यालाच आले, १९३६ ला सेगावात राहायला गेले, आणि देशाला चरखा शिकवला. आमच्या आज्यांना तो कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यांच्या हातातून तो गेलेला होता.

कायद्यांचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडात बाया आणि पोरांसाठी दहा तासांचा कायदा १८४७ ला झाला. आपला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, आणि तोही का? लँकेशायरच्या मालकांना मुंबईच्या गिरण्या स्वस्तात माल काढतात याचा पोटशूळ होता. त्यांचा स्वार्थ, पण सात वर्षांच्या आतलं पोर गिरणीतून सुटलं. १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. आठवड्याला ४८ तास आले १९४६ च्या दुरुस्तीनं, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. पुढच्या वेळी रविवारी झोपताना ही दोन नावं लक्षात ठेवा.

विलायतेच्या कामगारानं मात्र पुढं मजल मारली. १८७० ला शाळा, १८८४ पर्यंत बहुतेक पुरुष कामगारांना मत, १९०८ ला म्हातारपणाचं पेन्शन, १९४८ ला सगळ्यांना फुकट दवाखाना. १८४२ ला सतरा वर्षांत मरणारा माणूस १९०१ ला सरासरी पंचेचाळीसच्या पुढं गेला. त्याच वेळी आपल्याकडे उलटी गंगा : दोन मोठे दुष्काळ खाऊन वर्धा जिल्ह्याची वस्ती १८९१ च्या चार लाखांवरून १९०१ ला ३ लाख ८५ हजारांवर आली. कापसाची रेल्वे होती, माणसाच्या पोटापर्यंत ती येत नव्हती.

आता गिरण्या दोन्हीकडे गेल्या. लँकेशायरच्या बहुतेक बंद पडल्या, बर्नलीची क्वीन स्ट्रीट गिरणी १९८२ ला थांबली, आज तिथं म्युझियम आहे. आपल्याकडे नागपूरची १८७७ ची एम्प्रेस २००२ ला गेली, पुलगावची जुनी गिरणी २००३ ला. तिथला बेकार झाला तरी त्याच्या पोराची शाळा आणि बायकोचा दवाखाना बंद झाला नाही. इथला बेकार झाला की परत कापूस वेचायला जातो, किलोवर. आणि ज्याच्या वावरात वेचायला जातो तोही बुडालेला : २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता.

आज इंग्लंडचा माणूस सरासरी ८१ वर्षांच्या आसपास जगतो, भारतातला ७० च्या. पण चॅडविकचं १७ आणि ३८ आठवा. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात भारतातलाही असाच एक आकडा आहे : दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. त्या ७० मध्ये हे लपलेलं आहे.

विलायतेचा कामगार धुतल्या तांदळाचा आहे असं माझं म्हणणं नाही. १९५०-६० नंतर पाकिस्तानी, गुजराती माणसं लँकेशायरच्या गिरण्यांत रात्रपाळीला लागली, कारण गोऱ्यांना रात्रपाळी नको होती. १९६५ ला प्रेस्टनच्या रेड स्कार गिरणीत आशियाई आणि वेस्ट इंडियन कामगारांनी संप केला, तेव्हा गोरे कामगार मागं उभे राहिले नाहीत. फ्री ट्रेड हॉलपासून हे गाव फार लांब नाही.

आणि आपल्या लोकांनी विलायतेला जाताना काय नेलं? लोणचं, पापड, आणि जात. तिथल्या दलितांनी लढून २०१० च्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख करवून घेतला, २०१३ ला त्या सरकारवर तसं बंधनही आलं. तिथले सवर्ण हिंदू विरोधात उतरले. २०१८ साली सरकारनं सांगितलं, जातीचं कलम घालणार नाही, कोर्ट बघून घेईल.