टाकीतल्या शिस्तीचे कूळ

विषारी रसायनाने माखलेली वाहने धुण्यासाठी टाकीत ब्लीचिंग पावडर कालवतात, तेव्हा दोन नियम कटाक्षाने पाळले जातात. आधी पाणी घ्यायचे, मग त्यात पावडर टाकायची. आणि आम्लाचा त्या टाकीला स्पर्शही होऊ द्यायचा नाही. ही सगळी शिस्त पहिल्या महायुद्धाने शिकवली असे मानले जाते. मला हे अर्धेच पटते. आम्लाच्या नियमाचे कूळ रणांगणाच्या कितीतरी आधीचे, कापड पांढरे करणाऱ्यांच्या हौदांतले आहे.

क्लोरीन शेलेने १७७४ मध्ये तयार केला आणि त्याने कापड पांढरे होते हे बर्थोलेने १७८५ च्या सुमारास दाखवले, हे सर्वश्रुत आहे. त्याआधीची एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. १७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होमने सुचवले की, कापड आंबट ताकात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवण्याऐवजी पातळ गंधकाम्लात बुडवावे. म्हणजे क्लोरीन या धंद्यात शिरला तेव्हा आम्ल तिथे आधीच मुरलेले होते. पॅरिसजवळच्या जावेल गावी गुदमरवणारा क्लोरीन पोटॅशच्या पाण्यात बांधून ठेवू लागले. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तो कोरड्या चुन्यात शोषून घेण्याचे पेटंट मिळवले. अल्क बांधते ते आम्ल सोडवते: दोन्ही हौद एकत्र झाले की कोंडलेला क्लोरीन बाहेर पडणारच. हे पहिल्यांदा कोणाच्या छातीला जाणवले असेल? रोज दोन्ही हौदांशी काम करणाऱ्या कामगाराच्या, असाच माझा तर्क आहे.

यावर वैद्यकाचा दावा पुढे येतो: पॅरिसचा औषधविक्रेता लाबाराक, मग १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना चुन्याच्या क्लोराइडने हात धुवायला लावणारा सेमेलवाइस. पण लाबाराकचे पाणी म्हणजे जावेलचेच पाणी, फक्त पोटॅशच्या जागी सोडा. वैद्यकाने पदार्थ उसना घेतला. तो हाताळण्याची रीतही त्याच्यासोबत आली असणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुलै १९१७ मध्ये ईप्रजवळ मस्टर्ड गॅस वापरला गेला आणि त्यावर उतारा म्हणून ब्लीचिंग पावडर पुढे आली. कोरडी पावडर द्रवरूप मस्टर्डवर पडली तर इतकी उष्णता निघते की ज्वाळा उठू शकतात. म्हणून ती पाण्यात किंवा मातीत मिसळून वापरायची. ही अडचण कापडवाल्यांना कधीच आली नव्हती. कोरड्या पावडरीची ही धास्ती निर्विवाद युद्धाची देणगी आहे. पण आम्ल दूर ठेवण्याचा नियम त्याने खोडला जात नाही.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती विहिरीत टीसीएल, म्हणजे हीच ब्लीचिंग पावडर, टाकतात, तेव्हाही पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवतात, मग पाणी वाढवतात, चुना तळाशी बसू देतात आणि वरची निवळीच विहिरीत सोडतात. वाहने धुताना मात्र तोच चुना राखायचा असतो, कारण त्याच्यामुळे रबडी घट्ट राहते आणि उभ्या पत्र्यालाही धरून राहते.