चिमणरावांचें गांभीर्य

हंसविणाऱ्याला आपण हंसवीत आहों हें ठाऊक असलेंच पाहिजे काय? मराठी विनोदाच्या आरंभकाळीं तरी तें त्याला पुरेपूर ठाऊक होतें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) कोटीवर कोटी चढवीत. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) अतिशयोक्तीचे मनोरे रचीत. वाचक हंसे, परंतु त्या हंसण्यांत रचणाऱ्याचें कौतुकच अधिक असे. क्वचित् त्याचे श्रमहि जाणवत.

चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांनीं हा डौलच टाकून दिला. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या या पंडितानें विद्वत्तेची शाल खुंटीस टांगली आणि चिमणराव नांवाच्या साध्या कारकुनास बोलतें केलें. चिमणराव कोणास हंसवावयास बसलेलेच नाहींत. ते आपली फजिती गंभीरपणें, कचेरींतील अहवाल लिहावा तशी, तपशीलवार सांगतात. धिप्पाड गुंड्याभाऊ साह्यास धांवतो, आणि संकट दुणावतें!

यांत एक धोका होता. कारकुनाच्या ओढाताणीवर हंसणें सोपें. पण तें हंसें कडवट होण्यास वेळ लागत नाहीं. जोशांनीं कथनाचा अधिकार खुद्द चिमणरावांसच दिला. त्यामुळें बाहेरून टोमणा मारणारा कोणी उरलाच नाहीं, आणि वाचक त्या घरांतलाच एक होऊन बसला.

१९७० नंतरच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नव्या पिढीनेंहि त्यांस घरांत घेतलें. चिमणराव मात्र तितकेच गंभीर होते.