दगडी कुंड आणि रमाबाईंची अट

जुन्या विहिरीजवळ जनावरांना पाणी प्यायला दगडी डोण असते, ती तुम्ही पाहिलीच असेल. आजची गोष्ट तशाच एका दगडी भांड्याची आहे. फक्त ते विहिरीवर नसतं, चर्चमध्ये असतं.

इंग्लंडमध्ये गावोगावी जुनी चर्च आहेत. आत शिरलं की बहुतेक ठिकाणी दाराजवळच एक दगडी कुंड दिसतं. त्यातल्या पाण्यानं बाळाला बाप्तिस्मा देतात, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेतात. मंडळीत येण्याचं ते दारच, म्हणून कुंडाची जागाही दाराशी. काही कुंडं आठशे-नऊशे वर्षांची आहेत. तान्हं बाळ बुडवता येईल एवढी खोल, आणि पाणी झिरपू नये म्हणून आतून शिशाचा पत्रा. तेराव्या शतकात तर कुंडावर झाकण घालून कुलूप लावायचा हुकूम निघाला होता, कारण ते पाणी लोक चोरून करणीसाठी नेतील अशी भीती होती. करणीची भीती फक्त आपल्याकडंच असते असं मला वाटायचं! पुढे 1645 च्या सुमारास तिथं धर्माचं राजकारण फिरलं, कित्येक कुंडं चर्चबाहेर गेली आणि काहींची खरोखरच गुरांची डोण झाली.

अशाच एका चर्चमध्ये, वाँटेज या गावी, 29 सप्टेंबर 1883 ला पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, विधवा, बरोबर अडीच वर्षांची मनोरमा. मायलेकींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला.

त्या गेल्या होत्या डॉक्टरकी शिकायला. प्रवासाचा खर्च निघाला तो स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून. पण कानांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे डॉक्टरकी राहिली. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथंच मृत्यू झाला. परका मुलुख, राहणं जोगिणींच्या मठात, जेवणखाण त्यांच्याकडं. अशा वेळी बाई धर्म बदलते, तेव्हा लोक म्हणतात, भुलवली असणार. पुण्यातही तेच म्हटलं गेलं, आणि रागही फार झाला.

पण पुढे काय झालं ते ऐका. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या देशातल्या लोकांना कळेल अशी संस्कृत अक्षरं का नकोत, असा वाद त्यांनी ज्या सिस्टरना गुरू मानलं त्यांच्याशीच घातला. ख्रिस्त मानते, पण काय पटतं ते माझं मी ठरवणार, ही त्यांची अट. तिथले वडीलधारे धर्मगुरू रागावले तरी त्या मागं हटल्या नाहीत. बचत गटात सही करण्याआधी कागद वाचा असं मी सांगते ना, मला रमाबाई तशाच वाटतात. सही केली, पण वाचून केली.

पुण्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले जोतीराव फुले. त्यांचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कटगुण, खटाव तालुका. 1885 मध्ये ‘सत्सार’ या पत्रात त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. शिकलेली बाई स्वतः विचार करून धर्म बदलू शकते, हे तेव्हा छापून सांगायला छाती लागत होती.

बाप्तिस्मा घ्यावा की नको, यावरून घरंही तुटायची. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत घेतला. बायको लक्ष्मीबाई दूर राहिल्या, सोवळंओवळं सांभाळत. त्यांनी 1900 साली घेतला, तोही स्वतःला पटल्यावर. हेच टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. इंग्लंडात जे कुंड दाराशी ठेवलेलं, ते साताऱ्यात दारातून बाजूला सरकलं म्हणा ना. दोन वर्षांत टिळक वारले.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल पुढच्या वेळी बोलू. ते पुस्तक मिळालं तर आधी वाचून या.