गरोदरपणात गालावर वांग आलेत? क्रीम लावण्याआधी डबीची मागची बाजू वाचा

पाचवा-सहावा महिना लागला की बऱ्याच जणींच्या गालावर, कपाळावर काळपट डाग उठतात. यालाच आपण वांग म्हणतो. अंगातले हार्मोन्स बदललेले असतात, त्यात शेतातलं ऊन. बाळाला या डागांचा काही त्रास नाही आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेकींचे डाग आपोआप फिके पडतात. पण तेवढा धीर कुणाला? डोहाळजेवणाचे फोटो काढायचे असतात. मग आठवडी बाजारातून, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळखीतून 'आठ दिवसांत गोरं' करणारी डबी घरात येते.

अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लगेच उजळ दिसतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि वारेतून पोटातल्या बाळापर्यंत जातो. बाळाच्या वाढत्या मेंदूला त्याने इजा होऊ शकते. अंगावरच्या दुधातही तो उतरतो. आईच्या गालाची क्रीम बाळाच्या हाताला, उशीला लागते ते वेगळंच. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन महिलांना क्रीममुळे किडनीचा आजार झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी केल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला.

आपल्याकडे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे. म्हणून डबीवर 'पारा आहे' असं सहसा कुणी लिहीत नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी, यातलं काही नसेल तर डबी परत करा. यादीत मर्क्युरी किंवा कॅलोमेल दिसलं तर तो पाराच. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना असेल तरी सावध व्हा. पारा सोन्याला चिकटतो, मंगळसूत्राचे मणी पांढरे पडतात.

मेडिकलमधून आणलेली ट्यूबही डोळे झाकून लावू नका. हायड्रोक्विनोन बरंच अंगात शोषलं जातं. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन गरोदरपणात नकोच. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावं. शेजारणीला गुण आला म्हणून आपण लावायची नाहीत. साधं खोबरेल, व्हॅसलिन, ग्लिसरीन चालतं. उन्हात जाताना पदर, टोपी. सनस्क्रीन घेतलं तर झिंक ऑक्साइडवालं.

मेहंदीचं म्हणाल तर घरी वाटलेल्या पाल्याची बाईने खुशाल काढावी. तासाभरात काळी होणारी 'ब्लॅक मेहंदी' नको, त्यात केस काळे करायचं रसायन असतं, हाताला फोड येतात. बारशाला तान्ह्या बाळाला मात्र कुठलीच मेहंदी लावू नका. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडीची कमतरता असते. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी पाल्याच्या मेहंदीनेही फुटतात आणि कावीळ वाढते.

बाळाच्या डोळ्यात काजळ घालण्यावरून घरोघरी वाद होतात. आजीबाईंचा मान राखूनही डॉक्टरांचंच ऐकावं लागेल. काही काजळ-सुरम्यात शिसं असतं, आणि बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट लावायचीच तर घरच्या काजळीची, कानामागे लावा. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचा बाम किंवा कापूर घातलेलं तेल चोळू नका. कापूर अंगात गेला तर झटके येऊ शकतात. पावडरचा धुरळा छातीत जातो, ती नसली तरी काही अडत नाही. दूध पाजणाऱ्या आईने स्तनाला सुगंधी क्रीम लावू नये. भेगा पडल्या तर आपलंच थोडं दूध लावून वाळू द्यावं.

संशयाची क्रीम आधीच लावून झाली असेल तर ती आजच बंद करा. दूध पाजणं मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका. डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तेव्हा नेली तरी चालेल. शरीरात पारा किती गेलाय ते लघवीच्या तपासणीत कळतं. डबी चुलीत मात्र टाकू नका. पाऱ्याची वाफ होते आणि ती घरातल्या सगळ्यांच्या नाकात जाते.